लाल बिन रिकामी का असते?

भोसरीकर (धागाकर्ता), रविवार सकाळी ९:१५

एकोणीस वर्षं प्रेस शॉपमध्ये गेली. हेल्पर म्हणून लागलो, मग सेटर झालो, आता शिफ्ट सुपरवायझर आहे. लिहिण्याची सवय नाही, पण एक गोष्ट महिनाभर डोक्यात घोळतेय, ती इथे टाकतो.

ज्यांनी शीटमेटलचा कारखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. पॉवर प्रेसवर पत्र्यातून ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर असलं काहीबाही निघतं. वरून पत्रा कापतो तो पंच, खालचा साचा म्हणजे डाय. प्रत्येक मशीनशेजारी एक लाल बिन असते. बर (कडेला खरखरीत काठ) आलेला, चीर गेलेला, भोक सरकलेला पीस तिच्यात टाकायचा. शिफ्ट सुटताना मोजून रजिस्टरला चढवायचा. एवढंच तिचं काम.

आमच्या कंपनीच्या दोन शेड आहेत. मालक एक, पगार एक, मशिनंही एकाच वयाची. पहिल्या शेडमध्ये मोठा कूलर आहे, दुसरीत तोही नाही. मे महिन्यात वरचा पत्रा असा तापतो की खाली उभा माणूस भाजून निघतो. तरी पहिल्या शेडमधला माणूस दुसरीत गेला की परत यायचं नाव काढत नाही.

पहिल्या शेडची लाल बिन कायम रिकामी. रजिस्टरला दोन, तीन, कधी शून्य. ऑडिटला आलेले साहेब खूश. गिऱ्हाइकाकडून मात्र दर महिन्याला एखादा लॉट परत. मग पीस जायचे कुठे? ते दोन वर्षांपूर्वी कळलं. संडासातला फ्लश चालेना म्हणून प्लंबर बोलावला, तर त्याने टाकीतून गंजलेले एक्केचाळीस ब्रॅकेट काढले.

त्या शेडमध्ये बिनमध्ये पीस पडला की फोरमन येऊन विचारायचे, "कुणी टाकला?" काय झालं, कशाने झालं, हे नंतर. आधी कुणी टाकला.

आता मूळ गोष्ट. त्या शेडमधला एक ऑपरेटर, धाराशिवकडचा, आयटीआय केलेला. कामचुकार म्हणून प्रसिद्ध. टार्गेट झालं की कंपाउंडच्या भिंतीआड मोबाइल घेऊन बसायचा. माणसं कमी पडली म्हणून तो माझ्याकडे दुसऱ्या शेडमध्ये आला. मी म्हटलं, घ्या, आपल्याच नशिबी. तिसऱ्या आठवड्यात हा मशीन थांबवून माझ्याकडे आला नि म्हणाला, "साहेब, पंच संध्याकाळपर्यंत जाईल. आवाज बदललाय." डाय उतरवून पाहिली. पंचाची धार खरंच गेली होती. तसंच रेटलं असतं तर पाच-सहाशे पीस वाया गेले असते.

मी विचारलं, तुला हे तिकडेही ऐकू येत असणार. कधी बोलला नाहीस?

म्हणाला, "तिकडे बोललो की डाय उतरवायला मलाच लावायचे, टार्गेट तेच ठेवायचे, नि वर विचारायचे, पंच तूच मोडलास ना?"

कान तोच, हात तेच, पगारही तोच. मग आम्ही ज्याला सात वर्षं कामचुकार म्हणत होतो तो नक्की कोण होता? तुमच्याकडे असं काही पाहिलंय का?


तिरकस तात्या, रविवार सकाळी ९:५२

फ्लशच्या टाकीपाशी आलो आणि चहा नाकातून बाहेर आला. आमच्या कचेरीत लाल बिन नाही, पण टाकी आहे. तिला आम्ही 'प्रलंबित' म्हणतो.


मालक_की_हमाल, रविवार सकाळी ११:३०

भोसरीकर, लिहिलंय छान. पण पलीकडची बाजूही ऐका. माझं बावीस माणसांचं युनिट आहे. गिऱ्हाईक म्हणजे मोठी कंपनी. एक खराब पीस त्यांच्या लाइनवर सापडला की डेबिट नोट येते, म्हणजे आमच्या पैशातून कापल्याचा कागद. ती नुसत्या पिसाची नसते, लाइन थांबल्याचीसुद्धा असते. पैसे ९० दिवसांनी, डेबिट नोट मात्र दुसऱ्या दिवशी. तुमच्या फोरमनच्या मानेवर कुणाचा तरी हात असणार, म्हणूनच तो "कुणी टाकला" म्हणत असणार.

आणि सगळ्यांना वातावरणाची सबब देऊ नका. माझ्याकडे तीन मुलं अशी आहेत की त्यांना सोन्याची शेड बांधून दिली तरी ती भिंतीआडच बसतील.


गेटपास, रविवार दुपारी १२:०५

वाचतोय. वाचनखूण साठवली.


खाडीकाठचा, रविवार दुपारी १:४०

मालक, सोन्याच्या शेडवरून आठवलं. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. इथे मराठी माणसं इतकी की गणपतीत गाडी लावायला जागा मिळत नाही. आमच्या गावात आज टेस्लाचा कारखाना आहे. त्या जागेवर पूर्वी जे घडलं ते तुमच्या दोन शेडचंच मोठं रूप आहे.

तो मुळात जनरल मोटर्सचा कारखाना, साठच्या दशकात सुरू झालेला. कामगारांची ख्याती सगळ्या कंपनीत सर्वांत वाईट. कामावर दारू, सतत तक्रारी, अचानक संप. कोणत्याही दिवशी पाचातला एक जण गैरहजर. दाराच्या पत्र्याआड मुद्दाम बाटल्या टाकायचे, म्हणजे गिऱ्हाइकाची गाडी जन्मभर खडखडणार. हे नंतर त्या कामगारांनी स्वतःच कबूल केलंय. १९८२ साली जनरल मोटर्सने कंटाळून कारखाना बंद केला.

१९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत परत उघडला. नाव न्यूमी. गंमत पुढे आहे. युनियन तीच. कामावर घेतलेले लोक बहुतांश जुनेच, सुमारे ८५ टक्के. त्यांच्या तुकड्या जपानला टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवल्या. वर्षा-दोन वर्षांत गैरहजेरी दोन-चार टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या जवळपास पोचला.

काय बदललं? बरंच काही, पण सगळ्यांच्या तोंडी आहे ती दोरी. लाइनच्या वरून एक दोरी जाते. काही चुकलं, अडलं तर कुणाही कामगाराने ती ओढायची. घंटी ऐवजी एक धून वाजते, टीम लीडर धावत येतो, आणि ठरल्या वेळात सुटलं नाही तर अख्खी लाइन थांबते. जुन्या कारखान्यात एकच दैवत होतं: लाइन थांबता कामा नये. इंजिन उलटं बसलं तरी गाडी पुढे ढकला, नंतर अंगणात दुरुस्त करू. दोरी ओढणाऱ्याला जपान्यांनी विचारलेला पहिला प्रश्न "कुणी ओढली" हा नव्हता. "काय मदत करू" हा होता.

दोरी कुणीही टांगू शकतं. म्हणूनच दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. करारात लिहिलं होतं की कंपनीवर खरंच गंडांतर आल्याशिवाय कुणाला घरी बसवणार नाही, आणि बसवायची वेळ आलीच तर आधी साहेबांचे पगार कापू. १९८८ च्या सुमारास विक्री घसरली तेव्हा लोकांना काढलं नाही, प्रशिक्षणाला बसवलं. त्यानंतर लोकांचा त्या कागदावर विश्वास बसला.

फार गुलाबी चित्र नको म्हणून हेही सांगतो. काम हलकं झालं नव्हतं. जुन्या व्यवस्थेत मिनिटातली साधारण ४५ सेकंदं हात चालायचे, नवीत ५७. टीकाकार याला ताणावर चाललेला कारखाना म्हणायचे, ते अगदीच चूक नव्हते. तरी बहुतेक जुने कामगार परत पूर्वीच्या पद्धतीकडे जायला तयार नव्हते.


मालक_की_हमाल, रविवार दुपारी २:१०

टोयोटा आहे ती. माझ्याकडे बावीस माणसं आणि बँकेचा हप्ता आहे. मी कुणाला लिहून देऊ की काढणार नाही?


खाडीकाठचा, रविवार दुपारी २:२५

मान्य. जनरल मोटर्सलाही ते साधलं नाही. तोच प्रकार त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसला करून पाहिला. दोऱ्या टांगल्या, फलक लावले, गट पाडले. साहेब मात्र जुनेच, लाइन थांबली की अंगावर येणारे. १९९२ मध्ये तोही बंद झाला. हे करून पाहिलं तेव्हा पैशाची कमतरता जनरल मोटर्सला नव्हती.


रात्रपाळी, रविवार रात्री ११:५०

ड्यूटीवरून लिहितेय, तुटक असेल.

आमची लाल बिन म्हणजे इन्सिडंट फॉर्म. चुकीचं औषध, चुकीचा डोस, किंवा चुकता चुकता वाचलं, तर भरायचा. पूर्वी एका रुग्णालयात होते (नाव नको). तिथे फॉर्म भरला की मेट्रनच्या केबिनसमोर उभं करायचे, सगळ्या स्टाफच्या देखत. तीन वर्षांत आमच्या वॉर्डातून किती फॉर्म गेले असतील? एक. तोही बेडचं चाक तुटल्याचा.

त्याच वॉर्डात पोटॅशियम क्लोराइडच्या आणि डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युल एकाच ट्रेमध्ये शेजारी असायच्या. पोटॅशियम तसंच थेट शिरेत गेलं तर माणूस जागीच दगावतो. आम्ही सगळ्याजणी आपापसात एकमेकींना बजावायचो, "बघून घे गं." नव्या मुलीला पहिल्या रात्री सांगायचो. पण कागदावर कुणीच लिहिलं नाही, म्हणून ट्रे कुणी बदलला नाही. आता जिथे आहे तिथे मी पहिल्याच महिन्यात फॉर्म भरला. दोन दिवसांत पोटॅशियम कुलूपबंद कपाटात गेलं. बाई येऊन "बरं झालं लिहिलंस" म्हणाल्या. मला रडूच आलं, खरं सांगते.

एमी एडमंडसन नावाच्या बाईंचा अभ्यास आम्हाला एका ट्रेनिंगला सांगितला होता. नव्वदच्या दशकात त्या अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांच्या चुका मोजत होत्या. अपेक्षा ही की जिथे टीम चांगली तिथे चुका कमी. आकडे उलटे निघाले. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. मग उलगडा झाला की त्या जास्त चुकत नव्हत्या, जास्त सांगत होत्या.

बेल वाजली. जाते.


भोसरीकर, सोमवार सकाळी ६:२०

ताई, ट्रेची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे फार तर ब्रॅकेट जातो.

माझ्याकडेही असंच झालं होतं, सांगायचं राहिलं. मी दुसऱ्या शेडला आलो त्या तिमाहीत रजिस्टरवरचं रिजेक्शन जवळपास दुप्पट झालं. मला केबिनमध्ये बोलावून झाडलं. "तू आल्यापासून क्वालिटी घसरली." गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल किती कमी झाला हे वेगळ्या फायलीत असतं, आणि दोन फायली एकाच टेबलावर कधी येत नाहीत.


निवृत्त टेबल, सोमवार सकाळी १०:४५

एकतीस वर्षं शासकीय सेवेत काढली. आमच्याकडे कुणी काम केलं नाही म्हणून सहसा चौकशी लागत नाही. चौकशी लागते ती सही केलेल्यावर. दहा वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, तेव्हा नस्तीवर ज्याची सही त्याचं निवृत्तिवेतन अडकतं. मग शहाणा माणूस काय करतो? "त्रुटी पूर्ततेसाठी परत." किंवा आमच्या साहेबांचा लाडका शेरा, "चर्चा करावी". चर्चा कुणी, कुणाशी, कधी करावी हे त्यात नसतं.

लोक म्हणतात सरकारी माणूस आळशी. असेल. पण मी तरुणपणी एका धडाडीच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली पूरग्रस्तांचं काम केलंय. तेच कारकून, तीच टेबलं. रात्री दोन-दोनपर्यंत पंचनामे लिहीत बसायचे, कुणी न सांगता. कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "घाईत चूक झाली तर शेरा माझ्या नावावर." त्यांची बदली झाली. पुढच्या सोमवारपासून परत "चर्चा करावी".


धोटा, सोमवार दुपारी ३:३०

या विषयावर आमच्या धंद्यातला एक दाखला. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

२००८ च्या सुमारास स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी तारापूर आणि उंबरगावच्या विणकाम कारखान्यांत एक प्रयोग केला. निक ब्लूम आणि मंडळी. मी तेव्हा बोईसरलाच एका लूम (यंत्रमाग) शेडमध्ये होतो. आमचा कारखाना त्यात नव्हता, पण त्यांनी नंतर लिहिलेलं वर्णन वाचून वाटलं आमच्याकडेच येऊन गेले. जमिनीवर तेल, सुताच्या पेट्या चिठ्ठीशिवाय एकावर एक रचलेल्या, स्पेअर पार्टचा ढीग, कोणता लूम का बंद पडला याची नोंद कुठेच नाही.

त्यांनी १७ कंपन्या घेतल्या. काहींना महिनाभर फक्त तपासून सल्ला दिला. बाकीच्यांत सल्लागार चार महिने आणखी बसवले आणि ३८ साध्या सवयी लावायचा प्रयत्न केला. बिघाड लिहून ठेवणं, दोषांची रोज बैठक, सुताचा हिशेब, वस्तू जागच्या जागी. रॉकेट सायन्स काही नाही. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. ज्यांना १७ टक्के म्हणजे काय ते कळत नाही त्यांनी एखाद्या लूमवाल्याला विचारावं, तो दोन टक्क्यांसाठी रात्र जागतो.

मग हे आधी का केलं नाही? मालक म्हणायचे, गरज नाही, आमचा धंदा चाललाय. आणि कारखाने मोठे का होत नव्हते? तर मालकाला जेवढे भाऊ आणि मुलगे, साधारण तेवढेच कारखाने. बाहेरच्या मॅनेजरच्या हाती कारभार द्यायची तयारी नाही, चोरी करेल ही भीती. मला यातली मेख इथे दिसते. लूम का थांबला हे सगळ्यात आधी कळतं विणकराला, मग जॉबरला (मागांच्या मुकादमाला). आमच्याकडे तर नियमच होता, जॉबरने मालकाशी थेट बोलायचं नाही. बिघाडाची वही ठेवली आणि रोज सकाळी ती उघडून बोलायला लागलो, तर त्या माणसाच्या शब्दाला पहिल्यांदा जागा मिळते.

एक प्रामाणिक टीप: त्या प्रयोगात त्यांनी सूत, दोष आणि मशिनं मोजली. कामगाराच्या मनात काय चाललंय हे मोजलं नाही. वरचा अर्थ माझा.

आठ-नऊ वर्षांनी ते परत आले. लावलेल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. मुख्य कारणं दोन: मॅनेजर सोडून गेला, आणि मालकाला वेळ नाही. निवृत्त टेबल यांचे धडाडीचे साहेब बदलून गेले, तसंच.


मालक_की_हमाल, सोमवार रात्री ९:००

धोटा, भावांचं वाक्य लागलं. मला भाऊ नाही. २०१५ पासून दुसऱ्या युनिटचा प्लॉट घेऊन ठेवलाय, तिथे अजून गवत आहे. मुलगी म्हणते मी बघते. मी म्हणतो प्रेस शॉप आहे बाळा. आता यावर कुणी मला शिकवायला येऊ नका, घरी रोज ऐकतोय.


रात्रपाळी, सोमवार रात्री ९:१५

शिकवत नाही. फक्त विचारते, तुमच्या युनिटमध्ये लाल बिन भरते का हो? 🙂


ओटी_नको_भाऊ, मंगळवार सकाळी ७:४०

मी बोलू का? मी कंत्राटी आहे. चाकणला. कंपनीचं नाव नाही सांगत.

आमच्या लाइनवर माझ्या शेजारचा दादा परमनंट. त्याचा शर्ट निळा, माझा करडा. एकच गाडी, एकच स्टेशन, तो डावीकडचा बोल्ट मारतो, मी उजवीकडचा. त्याच्या हातात पडतं त्याच्या तिसरा हिस्सा माझ्या हातात. दादा चांगला आहे, डबा देतो. पण मला सकाळी उठून यावंसं वाटत नाही. फोरमन म्हणतात तुमच्या पिढीला चिकाटी नाही. मला दादाच्या जागी ठेवा, मग चिकाटी बघा. तुम्ही पंचाच्या आवाजाचं लिहिलंय, मला पण बोल्ट आवळणाऱ्या टॉर्क गनचा आवाज कळतो. मी का सांगू? अकरा महिन्यांनी मी इथे नसणारच.


आकडेमोड, मंगळवार सकाळी ११:२०

ओटी, तुझ्या प्रतिसादाला जोडून. ओडिशात एक प्रयोग झालाय (ब्रेझा, कौर आणि शमदासानी, २०१८ मध्ये छापून आला). ३७८ कामगार, गावाकडची छोटी उत्पादनं, तिघातिघांचे गट. काही गटांत तिघांनाही सारखी मजुरी, काहींत कमीजास्त. ज्यांना शेजाऱ्यापेक्षा कमी मिळत होतं त्यांचं काम घटलं आणि हजेरी १८ टक्के-अंकांनी (शंभरात साधारण १८ जणांनी) पडली. रोजंदारीवाला माणूस हातची मजुरी सोडून घरी बसला, इतकं ते टोचलं.

पण खरी गोम पुढे. ज्या कामांत शेजाऱ्याने किती केलं हे डोळ्यांना दिसतं, तिथे मजुरीतल्या फरकाने काहीच बिघडलं नाही. त्याने जास्त केलं, त्याला जास्त मिळालं, ठीक आहे. तुझ्या लाइनवर डावा बोल्ट आणि उजवा बोल्ट यात दिसण्यासारखा फरक काय? म्हणून ते मनाला लागतं.


तिरकस तात्या, मंगळवार दुपारी ३:१५

हे सगळं हॉथॉर्न इफेक्ट हो. कुणीतरी बघतंय म्हटलं की माणूस काम करतो. दिवे वाढवले तरी काम वाढलं, कमी केले तरी वाढलं. एमबीएला पहिल्या आठवड्यात शिकवतात. भोसरीकरांनी त्या पोराकडे लक्ष दिलं, पोरगं सुधारलं. संपलं.


आकडेमोड, मंगळवार दुपारी ४:०५

तात्या, पहिल्या आठवड्यात शिकवतात ते अर्धवट शिकवतात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात दिव्यांचे प्रयोग १९२४ ते १९२७ मध्ये झाले. त्यांचे जुने आकडे अलीकडे सापडले, परत तपासले, तर तो प्रसिद्ध परिणाम फारसा दिसलाच नाही. रिले (टेलिफोनचे स्विच) जोडणाऱ्या मुलींच्या खोलीचं कौतुक होतं, पण पाचांतल्या दोघींना फार बोलतात म्हणून मध्येच काढून दुसऱ्या आणल्या, हे कुणी सांगत नाही.

त्याच कारखान्यातली मला सगळ्यात आवडणारी खोली वेगळी आहे. १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या १४ पुरुषांना एका खोलीत बसवलं आणि एक निरीक्षक कोपऱ्यात. सगळं बघितलं जातंय हे त्यांना माहीत होतं. तरी काम वाढलं नाही. दिवसाला किती करायचं हे त्यांनी आपसांत ठरवलेलं. जो जास्त करेल त्याच्या दंडावर बुक्का. जास्त झालेलं आज लपवायचं, उद्या दाखवायचं. कारण एकच, आज जास्त केलं तर उद्या दर कापतील.

नुसत्या बघण्याने काही होत नाही. बघणारा त्या आकड्याचं पुढे काय करणार, यावर आहे.


भोसरीकर, मंगळवार रात्री १०:३०

आमच्याकडे टार्गेटच्या वर काढणाऱ्याला 'मालकाचा जावई' म्हणतात. बुक्का नसतो, पण चहाला कुणी हाक मारत नाही.

तात्या, मी त्या पोराकडे काही खास लक्ष दिलं नव्हतं. खरं तर पहिले दोन आठवडे मी त्याला टाळतच होतो. त्याने पाहिलं काय, तर शेजारच्या मशीनवरच्या मावशींनी लाल बिनमध्ये एकदम तीस पीस टाकले, मी आलो, डाय बघितली, मेंटेनन्सला फोन केला आणि निघून गेलो. तो नंतर म्हणाला, "मी वाट बघत होतो तुम्ही मावशींना कधी बोलताय."


हिरवी_मिरची, बुधवार दुपारी १:३०

अवांतर: कामाच्या जागेवर डुलकीची सोय असावी यावर कुणी बोलेल का? आणि १ ते ४ चा विनोद नको, तो शिळा झाला.


आकडेमोड, बुधवार दुपारी १:५०

चेन्नईत झालाय प्रयोग. ४५२ माणसं, डेटा एंट्रीचं काम. रात्रीची झोप साधारण २७ मिनिटांनी वाढवून दिली, कामावर काही फरक नाही. दुपारी कामाच्या जागीच अर्धा तास शांत झोपू दिलं, तर काम आणि मन दोन्ही सुधारलं. अर्थात झोपेत गेलेला वेळ धरला तर त्या वेळात कामच करणाऱ्यांपेक्षा एकूण काम कमीच भरलं, हेही खरं.


हिरवी_मिरची, बुधवार दुपारी १:५२

पुढचं वाक्य मी वाचलं नाही असं समजा.


मालक_की_हमाल, शनिवार संध्याकाळी ६:१०

रात्रपाळी ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, भरत नव्हती. मी सोमवारी रात्री स्वतः जाऊन पाहिलं. नऊ मशिनं, नऊ बिन, सगळ्या मिळून चार पीस. मग स्क्रॅपच्या ढिगात हात घातला. जाऊ द्या.

गुरुवारी सकाळी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, पुढचा महिनाभर लाल बिनबद्दल कुणालाही काहीही विचारणार नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. काल एका बाईने मुद्दाम माझ्यासमोर एक पीस टाकला. माझ्या तोंडून "अगं हा..." निघालंच. पुढचं गिळलं. ती हसली. बघू.

त्या तीन मुलांबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे. निदान दोघांबद्दल.


ओटी_नको_भाऊ, शनिवार संध्याकाळी ६:४०

मालक, जागा आहे का तुमच्याकडे?


भोसरीकर, तीन आठवड्यांनंतर, गुरुवार रात्री ११:००

धागा वर काढतोय, माफ करा. बातमी आहे.

हा धागा मी आमच्या एचआरच्या मॅडमना दाखवला होता. त्यांनी मन लावून वाचला. त्यांना वाटलं, दोन्ही शेडमध्ये काहीतरी चांगलं करावं. मागच्या सोमवारी गेटवर फलक लागला: 'शून्य रिजेक्शन, आमचा अभिमान'. ज्या शेडचं महिन्याचं रिजेक्शन सगळ्यात कमी, तिथल्या प्रत्येकाला पाच लिटरचा प्रेशर कुकर. कुकर ऑफिसबाहेर काचेच्या कपाटात मांडून ठेवलेत. मी जाऊन बोललो. त्या म्हणाल्या, "तुम्हीच तर लिहिलंय ना, प्रोत्साहन हवं म्हणून." मी असं लिहिलंय का? मी परत वर जाऊन वाचून आलो.

माझ्या शेडमध्ये मंगळवारी बिनमध्ये अकरा पीस होते. बुधवारी चार. आज रिकामी.

धाराशिवकडचा पोरगा आज दिवसभर माझ्याशी काही बोलला नाही. त्याच्या बहिणीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात.

शिफ्ट सुटल्यावर सगळे गेले, मग मी संडासात जाऊन फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून पाहिलं. नुसतं पाणी होतं. झाकण परत नीट बसवलं आणि घरी आलो. उद्या दुसरी शिफ्ट आहे, तेव्हा परत बघेन.